स्लॅबच्या पोटातली वायर

संपादकांचा फोन आला तेव्हा होळी तोंडावर होती. यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'ऊन'. शेतातलं ऊन, चित्रांतलं ऊन, सिनेमातलं ऊन ही मानाची पानं आधीच वाटली गेली होती. माझ्या वाट्याला आलं ते घरात शिरणारं. तुम्ही हे वाचाल तेव्हा हाताशी चकली असेल आणि रात्री पंखा एकवर, त्यामुळे थोडी कल्पना करावी लागेल. मला ती करावी लागली नाही, कारण त्याच आठवड्यात नागपूरहून दादाचा निरोप आला. वरच्या मजल्याचं छत आणि वायरिंग दोन्हींचं काम एकदमच काढलं आहे, यायचं तर एप्रिलात ये.

गेले. पहिल्याच रात्री साडेदहाला वरच्या खोलीत पंखा पाचवर होता आणि खाली येणारी हवा इस्त्रीखालून निघावी तशी होती. स्टुलावर चढून छताला हात लावला. चटका बसला नाही, पण ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लागावा तसं वाटलं. सूर्य मावळून चार तास झाले होते.

"आत्ता कुठे तो उतरून राहिला," वहिनी म्हणाल्या. "पहाटे चारला निवतो, आन् सहाला परत चालू."

दिवसभर वरून खाल्लेलं ऊन स्लॅब रात्री खाली ओततो. काँक्रीट उष्णता अडवत नाही, नुसती उशिरा पोचवतं. नागपूरची माणसं पूर्वी यावर गच्चीवर पाणी मारून आणि तिथेच झोपून उपाय करायची. आता चोरांची भीती, डासांचा वैताग आणि शेजारच्या तीन मजली इमारतीच्या खिडक्या. त्यामुळे दादाचा बेत ठरला होता: वर नवा कोबा, खाली थर्माकोल भरून फॉल्स सीलिंग, दोन खोल्यांत एसी आणि एसीसाठी नवं वायरिंग. चार कामं, चार माणसं. चौघं चार वेगवेगळ्या दिवशी येऊन अंदाज देऊन गेले होते. एकाची दुसऱ्याशी गाठ पडली नव्हती. या लेखाचा विषय मला तिथेच सापडला, हे मात्र कळायला आठवडा गेला.

तीन मारुती गच्चीवर

घर दोन हप्त्यांत बांधलेलं. तळमजला वडिलांनी १९८६ साली, वरचा मजला दादानं १९९८ साली. वरचं छत झालं तेव्हा विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. दहा-बारा वर्षांनी ओल आली, तेव्हा तो न काढता त्याच्यावर दुसरा. आता तिसरा घालायचा होता. कोबा मिस्त्री बालाघाटकडचा, हात उत्तम, बोलणं कमी. जुना काढायचा का, असं विचारल्यावर म्हणाला, "कशाला काढता? वर जितका जाड, तितकं खाली थंड."

यात थोडं खरं आहे, म्हणून तर ते घातक. आपल्या जुन्या माळवदांचा गारवा जाडीचाच होता. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर हातभर माती. मराठवाड्यातल्या माळवदाखाली दुपारी झोपलेल्या माणसाला मे महिना कळत नसे. पण ते वजन पेलायला खाली दोन-दोन फुटांच्या भिंती असत. सहा इंचाच्या स्लॅबला तो हिशेब लागू नाही.

दादाचे एक स्नेही बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर आहेत. चहाला म्हणून आले, गच्चीवर गेले, बुटाच्या टाचेनं चार ठिकाणी ठोकलं आणि खाली येऊन वहीच्या पानावर आकडे मांडले. चार-साडेचार इंच जाडीचा कोबा एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास बसतो. दहा बाय बाराच्या एका खोलीवर म्हणजे सव्वादोन टन. "जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोची. तीन मारुत्या, आणि वर दोन-तीन स्कूटर," ते म्हणाले. "त्या आधीच एकदा चढवल्यात. परत चढवू नका."

ज्या गच्चीवर माणसं जातात, तिच्यावर माणसं, खुर्च्या, वाळवण वगैरेंसाठी भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोची तजवीज धरतात. म्हणजे न ठरवलेला एक जादा कोबा ती सगळी शिल्लक खाऊन वर उसनवारी करतो. अपार्टमेंटमध्ये हे निदान कधीतरी कोणाच्या नजरेला येतं, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. स्वतंत्र घराच्या गच्चीवर किती कोबे साचलेत, हे घरमालक आणि कावळे यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं.

तेव्हा ठरलं की दुसरा कोबा उचलायचा, पहिला राखून त्याची गळती बंद करायची, त्यावर एक्सपीएसचे दोन इंची बोर्ड अंथरायचे आणि वर पातळ थर देऊन पांढरी फुटकी फरशी, म्हणजे चायना मोझॅक. एक्सपीएस हा थर्माकोलचाच घट्ट, पाणी न पिणारा भाऊ. दाबाला टिकतो, त्यामुळे त्यावरून चालता येतं. सगळं मिळून वजन काढलेल्या कोब्यापेक्षा पुष्कळ कमी. खुद्द बोर्डाचं तर चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही.

मिस्त्रीनं तो बोर्ड दोन बोटांत उचलून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसला. एवढ्याशा पिसानं नागपूरचं ऊन अडणार, यावर त्याचा विश्वास बसला नाही. बसायचा कसा? त्याच्या चाळीस वर्षांच्या कामात चांगली गोष्ट नेहमी जड असायची.

जो नियम दारापर्यंत येत नाही

छतातून किती उष्णता आत यावी, याचा आपल्याकडे नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. तीत छताला एक मर्यादा घातली आहे. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत झिरपता कामा नये. उघडा, नुसता प्लास्टर केलेला स्लॅब याच्या जवळपास तिप्पट झिरपू देतो. दोन इंची बोर्ड घातला की आकडा अर्ध्या वॉटच्या आसपास येतो. काँक्रीटपेक्षा हा फेस चाळीसेक पटींनी उष्णतेला नाखूश असतो, म्हणून पिसाचं काम चालतं.

पण संहिता बघते ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी प्रकल्पांकडे, तेही नव्या, आणि राज्यानं ती लागू केल्यावर. दादाचा प्लॉट पंधराशे चौरस फुटांचा, म्हणजे एकशे चाळीस मीटर. नागपूरच्या लेआउटांमधली बहुतेक घरं याच मापाची. राष्ट्रीय इमारत संहितेचे २०१६ चे खंड आहेत, तेही स्थानिक नियमावलीत उतरल्यावरच बंधनकारक होतात. आणि उरलं महापालिकेचं बांधकाम परवानगीचं खातं. त्याला मजला वाढवला, छज्जा काढला, गच्चीवर पत्रा ठोकला तर रस असतो. गळकं छत दुरुस्त करणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. प्रत्येक कोब्याला परवानगी लावली असती तर अर्धं नागपूर ऑगस्टात बादल्या लावून बसलं असतं.

एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणानं शीत छतांचं धोरण आणलं, ज्यात विशिष्ट इमारतींना ऊन परतवणारं छत सक्तीचं केलं. आपल्याकडे शहरांच्या उष्णता कृती आराखड्यांत छत पांढरं करा, असा सल्ला असतो. लोक तो आपल्या परीनं पाळतात. चुन्यात फेविकॉल कालवून गच्चीला फासण्याची पद्धत इथल्या प्रत्येक गल्लीत आहे. पहिल्या पावसापर्यंत तरी ती उत्तम चालते.

विजेचं तसं नाही. इथे नियम पाचशे मीटरपाशी थांबत नाही, झोपडीलाही लागू आहे. इंग्रजांच्या परंपरेतल्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि आता २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत एक तरतूद चालत आली आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण असलं काही जागच्या जागी बदलणं सोडलं, तर घरातलं कुठलंही विजेचं काम, नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, परवानाधारक ठेकेदारामार्फतच झालं पाहिजे. देखरेखीला सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि प्रत्यक्ष हात लावायला परवाना असलेला तारतंत्री. तारतंत्री हा आयटीआयच्या दाखल्यावरचा शब्द. बोलताना वायरमन.

म्हणजे एसीसाठी एक नवा पॉइंट काढायचा तर कायद्याच्या दृष्टीनं घरात तीन माणसं यायला हवीत. दादाच्या घरात दीड आली. वायरमन आणि त्याचा पोरगा.

सही आधी, काम नंतर

वायरमन पंचावन्नचे. आयटीआय झालेले, परवाना खिशात प्लास्टिकच्या पाकिटात. ठेकेदाराचा परवाना मात्र त्यांच्याकडे नाही. ते ज्या ठेकेदाराच्या नावावर काम करतात, त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण प्रत्येक शहरात असे आहेत.

एसी दोन वाढणार म्हणून महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा होता. अर्जाला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. घरातली फिटिंग तपासली, इन्सुलेशन इतकं आढळलं, अर्थिंग तितकं आढळलं, अशा अर्थाचा तो कागद. मी पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो आला. सही, शिक्का, परवाना क्रमांक सगळं जागच्या जागी. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्याची. इन्सुलेशनच्या रकान्यांत सगळ्या सर्किटांना एकच आकडा, सुवाच्य अक्षरात.

त्या क्षणी वरच्या मजल्याच्या भिंतींना नुसत्या झिऱ्या मारून झाल्या होत्या. वायर अजून दुकानात होती.

"सहीचे वेगळे लागतात," वायरमन म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गॅस सिलिंडर आणणाऱ्याला वर दहा रुपये द्यावे लागतात, त्या आवाजात सांगितलं.

"पण तपासायला कोणीच येत नाही?"

"येते ना ताई. उंच बिल्डिंगला येते. आपल्या इकडे मीटरपर्यंत येते."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला वीज जोडण्याआधी विद्युत निरीक्षकाची पायरी आहे. खालच्या घरांत वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. मीटरच्या अलीकडे जे काही आहे ते ग्राहकाचं. कायद्याला हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं परवान्याची माणसं मध्ये उभी केली: निरीक्षक घरोघर जाऊ शकत नाही, तर त्याचे डोळे म्हणून ठेकेदारानं जावं. डोळे आपल्या जागी बसून सही पाठवतात. विजेच्या धक्क्यानं देशात वर्षाला दहा हजारांवर माणसं मरतात. ती सगळी घरांतली नव्हेत, शेतातल्या तारा त्यात बऱ्याच आहेत. पण एकसारख्या आकड्यांचा तो कागद हातात धरल्यावर मला तीच संख्या आठवली.

हिरवी वायर होती, जमीन नव्हती

जुने बोर्ड उघडायचं काम मी दोन दिवस पाहत बसले. वायरमनचा पोरगा स्क्रू काढायचा, ते टॉर्च मारायचे आणि मग थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. तळमजल्यावर अजून लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर. तिचे जोड काळवंडलेले, कारण ॲल्युमिनियमच्या नुसत्या पिळलेल्या जोडाला हवा लागली की त्यावर थर चढतो आणि जोड तापायला लागतो. मीटरशेजारी किटकॅट फ्यूज, त्यातल्या एकात नियमाच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार. "ही कोणी घातली?" दादा गच्चीकडे बघायला लागला.

वरच्या मजल्यावर एमसीबी होत्या, पण गिझरच्या अडीच एमएम वायरला बत्तीस अँपिअरची. सोळाची सारखी पडायची, म्हणून कोणीतरी मोठी टाकली. एमसीबी उपकरणाची राखण करते, अशी आपली समजूत. ती राखते वायरला. वायर झेपेल त्याच्या पुढे गेली की तिनं पडायचं. मोठी टाकली म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी दिली.

सगळ्यात शिकण्यासारखी निघाली ती अर्थिंगची वायर. बाथरूमच्या बोर्डातून हिरवी वायर शिस्तीत निघाली होती, भिंतीतून गेली होती आणि नळाच्या लोखंडी पाइपला क्लॅम्प लावून बांधली होती. त्या काळी असंच करत. लोखंडी पाइप जमिनीत जायचा, म्हणजे अर्थिंग झालं. मग काही वर्षांपूर्वी पाइप गंजले आणि प्लंबरनं ते बदलून प्लास्टिकचे टाकले. क्लॅम्प बांधलेला तेवढा हातभर तुकडा भिंतीत तसाच राहिला. दोन्ही टोकांना प्लास्टिक. प्लंबरनं त्याचं काम चोख केलं होतं. नळाला त्यानंतर गळती नाही. घराचं अर्थिंग मात्र त्या दिवशी गेलं आणि गिझर पुढे तसाच चालत राहिला.

अंगणात नवा खड्डा खणला, पाइप उतरवला, भोवती मीठ-कोळसा. वायरमन वहिनींना बजावून म्हणाले, "उन्हाळ्यात तुळशीले पाणी घालता तसं यात बी घालत जा. माती कोरडी झाली का करंट जात नाही बरोबर." तुळस शेजारीच होती.

थर्माकोल कुठल्या बाजूला

आता फॉल्स सीलिंगवाला. तरुण, हसतमुख, मोबाइलवर शंभर डिझाइनं. त्याचा प्रस्ताव सोपा होता. स्लॅबच्या खाली फ्रेम, फ्रेमच्या वर थर्माकोलच्या शीट कोंबायच्या, वायरी मधून सोडायच्या, खाली पीओपी, त्यात आठ-दहा दिवे.

खोली त्यानं थंड झाली असती. मग अडचण काय? अडचण स्लॅबची आणि त्याच्या पोटातल्या वायरीची. खालून अडवलेलं ऊन परत जात नाही, स्लॅबमध्ये मुक्काम करतं. खोली निवली तरी काँक्रीट आधीपेक्षा जास्त तापतं. दिवसा फुगतं, रात्री आकसतं, चिरा पडतात आणि चिरांतून पाणी. वरून बोर्ड घातला तर सावली स्लॅबलाच मिळते. आणि पंख्यांच्या, दिव्यांच्या वायरी जातात त्या कंड्युट ह्याच स्लॅबमध्ये ओतलेल्या असतात. साधी पीव्हीसी वायर सोसते सत्तर अंशांपर्यंत, आणि किती अँपिअर झेपेल याचे तक्ते भोवती चाळीस अंश धरून केलेले. मे महिन्यातल्या नागपूरच्या उघड्या स्लॅबनं चाळीस कधीच ओलांडलेले असतात. वायरला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही.

थर्माकोलात वायर गाडली तर हेच आणखी वाढतं. ब्रिटनच्या वायरिंगच्या नियमांत याचा थेट आकडा आहे. अर्ध्या मीटरहून जास्त लांबीची वायर चारही बाजूंनी इन्सुलेशनमध्ये बुडाली असेल, तर तिची क्षमता निम्मी धरायची. वीस अँपिअरची वायर दहाची झाली. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर खातो, गिझर तेरा. वर आणखी एक खोड. थर्माकोल आणि पीव्हीसी एकमेकांना चिकटून राहिले, तर पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोलात उतरतं. वायरचं आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं. थर्माकोल पेट घेतो, हे वेगळं सांगायला नको.

हे त्या पोराला कोणी सांगायचं? त्याच्या कामाला परवाना लागत नाही. वायरमनला ठाऊक होतं, पण ते येतात फॉल्स सीलिंगच्या आधी, वायर सोडून जातात, आणि परत येतात ते दिवे लावायला, तेव्हा सगळं झाकलेलं असतं. उष्णता एका संहितेत, वीज दुसऱ्या विनियमांत, वजन तिसऱ्या मानकात. स्लॅबमध्ये तिघं एकाच सहा इंचांत राहतात.

शेवटी खालचा थर्माकोल रद्द झाला. वहिनींना फॉल्स सीलिंग हवंच होतं, ते हॉलपुरतं राहिलं, मधे मोकळी हवा ठेवून आणि वायरी पाइपातून. सीलिंगवाला जरा नाराज झाला. वहिनीही झाल्या, कारण झुंबराची जागा गेली.

हॅरोच्या माळ्यावर

माझी मावसबहीण लंडनमध्ये हॅरोला राहते. तिच्याकडे प्रश्न उलटा, ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. माळ्यावर २७० मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर जाडीची लोकर अंथरलेली. ती अंथरताना तिथल्या इलेक्ट्रिशियननं आधी वायरी उचलून लोकरीच्या वर घेतल्या आणि छतातल्या दिव्यांभोवती मोकळी जागा सोडायला लावली. तिला ते फाजील वाटलं होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून घरातलं वीजकाम इमारत नियमांच्याच एका भागात आलं. नवं सर्किट काढलं, मुख्य बोर्ड बदलला की कळवावं लागतं. नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन स्वतःच काम प्रमाणित करतो आणि तीस दिवसांत त्याची नोंद होते. हाही सहीचाच कारभार. फरक पडतो तो घर विकताना. घेणाऱ्याचा वकील तो कागद मागतो. बहिणीला स्वयंपाकघरातल्या जुन्या कामाचा कागद सापडेना, तेव्हा तिचा व्यवहार तीन आठवडे अडला. आपल्याकडे घर विकताना सातबारा, मालमत्ता पत्रक, नळपट्टी, सगळं मागतात. वायरिंगचं कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून तिकडे सगळं आलबेल, असं मात्र समजू नये. १४ जून २०१७ ला मध्यरात्रीनंतर लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि बहात्तर माणसं गेली. इमारत ऊबदार आणि देखणी व्हावी म्हणून नुकतंच बाहेरून इन्सुलेशन आणि पत्र्यांचं आवरण चढवलेलं होतं. आगीची सुरुवात झाली चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपाशी. तिथेही प्रत्येक कामाला कोणाची ना कोणाची सही होती.

जिन्याचा दिवा

तिसऱ्या आठवड्यात गच्ची पांढरीशुभ्र झाली. मिस्त्रीनं कडेनं बांध घालून पाणी भरलं, चार दिवस ठेवलं, खाली कुठेही ओल नाही. पाचव्या रात्री मी परत स्टुलावर चढून छताला हात लावला. आता ते भिंतीइतकंच कोमट लागलं. बाहेर दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात जात होता, त्यामुळे खोली थंडगार वगैरे झाली नव्हती. पण पंख्याखाली झोपता येत होतं. मिस्त्री त्या दिवशी पैसे घ्यायला आला होता. त्यालाही वर बोलावलं. त्यानं छताला पंजा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "त्या बोर्डाचं दुकान कुठं आहे म्हणाले?"

वायरिंगचा शेवटचा दिवस मात्र लांबला. नव्या बोर्डात आरसीसीबी बसवली होती, तीस मिलीअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत ताडून पाहते. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून तो जमिनीत चालला आहे असं धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. सगळं जोडून वायरमननी खटका वर केला. टिकला. दादानं पंखा लावला, टिकला. वहिनींनी जिन्याचा दिवा लावला आणि सगळं बंद.

परत वर, परत जिन्याचा दिवा, परत खाली. चार वेळा.

"काढून टाक बाप्पा तो," दादा घामानं निथळत म्हणाला. "आजच्या दिवस डायरेक्ट कर. इतकी वर्षं काही झालं नाही."

मला वाटतं बहुतेक घरांत आरसीसीबीची कथा इथे संपते. वायरमन काही बोलले नाहीत. जिन्यात खालच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही बटणं उघडली. वरून लावा खाली बंद करा, अशी दोन बाजूंची जोडणी. दिव्याचा फेज वरच्या मजल्याच्या बोर्डातून घेतलेला, आणि न्यूट्रल, तेव्हा जवळ पडला म्हणून, खालच्या मजल्याचा. करंट वरच्या दारानं जात होता आणि खालच्या दारानं परतत होता. आरसीसीबीच्या हिशेबात तो घरी आलाच नाही. कोणाला धक्का बसत नव्हता, पण वहीत खोट होती. आणि खालचा मेन बंद करून कोणी जिन्यातला न्यूट्रल उघडला असता, तर जी वायर मेली समजला ती जिवंत निघाली असती.

नवा न्यूट्रल ओढायला दोन तास लागले. स्प्रिंग घातली, अर्ध्यात अडकली. जुनी वायर ओढून काढली तर तिचं आवरण सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखं बोटात तुटलं. ही छताच्या सगळ्यात जवळची, उन्हाखालची वायर. पोरग्यानं तिचा एक तुकडा मला दिला. लिहिताना तो टेबलावर आहे.

संध्याकाळी सहाला जिन्याचा दिवा लागला आणि लागलेला राहिला. मग वायरमननी पिशवीतून मेगर काढला. हा त्यांचा स्वतःचा, हँडल फिरवायचा. पाचशे व्होल्ट सोडून आवरण किती धरतं ते हा सांगतो. एक मेगाओमच्या खाली गेलं तर काहीतरी झिरपतंय असं समजायचं. एकेक सर्किट सोडवून ते हँडल फिरवायचे, पोरगा आकडा मोठ्यानं वाचायचा. वरची नवी सर्किटं भरपूर वर. तळमजल्याच्या स्वयंपाकघराचं मात्र जेमतेम काठावर. म्हणजे ते काम यंदा नाही तर पुढच्या वर्षी आलंच. ठेकेदाराच्या कागदावर या रकान्यातही तोच सुवाच्य आकडा होता.

"हा कागद पण ठेवा," वायरमन म्हणाले, "तो ऑफिसले लागते." आणि वहिनींकडून माझ्या भाचीच्या वहीचं पान मागून घेऊन त्यांनी सगळे आकडे, कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, कुठे किती एमएमची वायर, अर्थिंगचा खड्डा तुळशीच्या डावीकडे, असं सगळं लिहिलं. तारीख घातली, त्या दिवसाची. पान बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवलं. सही केली नाही.

जाताना आरसीसीबीवरचं छोटं बटण दाखवून वहिनींना म्हणाले, "महिन्यातून एकदा हे दाबायचं. खटका पडला का समजा जिवंत आहे. नाही पडला तर मले फोन करा."

स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं होतं. वहिनींनी पेन घेतलं, मेपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याचं पान उलटून एक तारखेच्या चौकोनात लिहिलं, 'बटन'. मेच्या चौकोनात आधीच 'गॅस' लिहिलेलं होतं, म्हणून तिथे ते जरा बारीक अक्षरात बसवावं लागलं.